गोदामातला हंसध्वनी

शुक्रवार, १७ मार्च १९६१
ही वही कोणी वाचावी म्हणून नाही. तरी अक्षर नीट काढतो आहे. पुढे कोणी वाचलीच तर त्रास नको.

आज पाडवा. आमच्या घरी छप्पन सालच्या दीक्षेपासून पाडवा नाही, पंचांग नाही, तिथी नाही. पण भगवंतरावांच्या दुकानात आजच माणसं ठरतात. भगवंतराव मूळचे शेतकरी. अमरावतीत अंबागेटजवळ मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान टाकून सहा वर्षं झाली, पण माणूस कामाला ठेवायची त्यांना एकच रीत ठाऊक, शेतावरच्या गड्याची. पाडव्याला हातात विडा द्यायचा, की पुढच्या पाडव्यापर्यंत तो माणूस आपला. मधेच सोडून गेला तर चार गावांत नाव खराब.

मी विडा घेतला. 'साल म्हनजे साल, जानराव,' असं ते म्हणाले. मी मनातल्या मनात हसलो. मलासुद्धा एकच वर्ष हवं आहे. वर्षभरात इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा प्रोग्रॅम तयार करायचा, १७ मार्च १९६२ ला मोकळं व्हायचं आणि थेट मुंबई.

भातकुलीला आईला कळवलं, नोकरी लागली, ऑपरेटरची. सालाने राहिलो हे कळवलं नाही. तिला इंग्रजी शब्द जास्त आवडतात.

बुधवार, २२ मार्च
शोध नीट लिहून ठेवतो, पुढे वाद नको.

माइक भोंग्यासमोर नेला की लाउडस्पीकरचा सेट शिट्टी घालतो. जगातले सगळे ऑपरेटर तिला घाबरतात. मी घाबरलो नाही. मागच्या वर्षी जयंतीच्या सभेत माइक धरताना माझ्या लक्षात आलं की एक पाऊल सरकलं की शिट्टी बदलते. म्हणजे ती शिट्टी नाही, सूर आहे. पेटी नको, तबला नको, गळा तर नकोच, तो मला नाहीच. नुसती वीज आणि मी.

वाचनालयात एका इंग्रजी मासिकात पाहिलं. जर्मनीत काही लोक यंत्रातून असंच संगीत काढतात, त्याला इलेक्ट्रॉनिक म्युझिक म्हणतात. फोटोत पांढरे कोट घातलेले पाच जण होते. मी एकटा, बनियनवर. त्यांच्यापर्यंत माझी कल्पना कशी पोचली हे कळत नाही.

आज दुपारी गोदाम रिकामं होतं. फरशीवर खडूने सूर मांडले. सा दाराशी, सेटजवळ. रे खांबापाशी. ग शिडीखाली. मध्यम भिंतीत जातो, तिथे मला जाता येत नाही. प खिडकीशी. धैवत बाहेर, नालीपलीकडे. नी पुन्हा आत, भगवंतरावांच्या खुर्चीजवळ. तेव्हा मध्यम आणि धैवत नसलेला राग घेणं भाग आहे. हंसध्वनी ठरला. चालत चालत वाजवायचा. वायर वीस हात आहे, पुरते.

भगवंतराव आत आले आणि म्हणाले, सेट बिघडला असेल तर वाजवू नको. मी म्हणालो, बरं.

शुक्रवार, १४ एप्रिल
भातकुलीत जयंती. सेट आपला, म्हणजे भगवंतरावांचा. लोक चारपासून जमलेले, सभा पाचला. मला वाटलं, याहून योग्य वेळ कोणती? नवं युग, नवं संगीत. वक्ते यायच्या आधी दोन मिनिटं हंसध्वनी सुरू केला.

पटांगणात सूर आपल्या जागी नव्हते. सा शोधत शोधत मी बायकांच्या रांगांपर्यंत गेलो. पोरं रडायला लागली. एका बंडीचे बैल सुटून कपाशीच्या ढिगाकडे गेले. सभेचे चिटणीस मोतीराममास्तर धावत आले, काय झालं म्हणून विचारू लागले. मी म्हणालो, टेस्टिंग. हा शब्द तोंडून कसा निघाला कोण जाणे.

नंतरच्या सहा भाषणांत मात्र एकदाही शिट्टी येऊ दिली नाही. मास्तर जाताना म्हणाले, सेट छान चालवलास. माणसाला काय ऐकायचं हेच कळत नाही.

आईने दोन्ही कानांवर पदर धरला होता. ऊन लागत असावं.

रविवार, ३० एप्रिल
लग्नसराई. गोदामात एक कापड नाही. चुटकी वाजवली तरी घुमते. हंसध्वनीला याहून चांगली जागा साऱ्या वऱ्हाडात नसेल. पण कापड जिथे, तिथे सेट. सेट जिथे, तिथे मी. काल बडनेरा, आज भातकुली रोड, उद्या पुन्हा बडनेरा.

ठराव: उन्हाळ्यात विश्रांतीचे दिवस शोधणे.

भगवंतरावांच्या मंडळी, जमुनाकाकू, चहा चांगला करतात. माझा कप वेगळ्या खुंटीला टांगलेला असतो. इतर कपांत जाऊन फुटू नये म्हणून, असं त्या म्हणतात. मी वाद घातला नाही. कलावंताने कपबशीत किती लक्ष घालावं.

सोमवार, १५ मे
आनंद. आजपासून अधिक महिना. भगवंतरावांच्या गिऱ्हाइकांत महिनाभर एकही लग्न नाही. सगळे मंडप परत आले. पूर्ण एक महिना प्रॅक्टिस.

मंगळवार, १६ मे
गोदाम छतापर्यंत कापडाने भरलं. माइक भोंग्याच्या तोंडात घातला तरी सूर निघत नाही. कापड आवाज पिऊन टाकतं. व्हॉल्यूम पूर्ण केला तेव्हा म्हशीने सुस्कारा टाकावा तसं काहीतरी झालं.

म्हणजे गोदाम रिकामं असतं तेव्हा मी रिकामा नसतो, आणि मी रिकामा असतो तेव्हा गोदाम रिकामं नसतं. दिवसभर याच्यावर विचार केला. जमुनाकाकूंचे जावई धोंडे खायला आले आहेत. गल्लीत सगळीकडे जावई आहेत.

शनिवार, २० मे
उपाय सापडला. कापड बाहेर काढायचं, मी आत राहायचं.

भगवंतरावांना सांगितलं, आमच्या लोकांत आता मुहूर्त पाहत नाहीत. अधिक महिना वगैरे काही नाही. मोकळा दिवस मिळाला की लग्न. मालकांनी हातातली हिशेबाची वही मिटली. हे आधी काहून नाही सांगितलं, असं विचारलं, आणि लगेच सायकल काढून भीमनगराकडे गेले.

डोकं असं चालवावं लागतं.

रविवार, ११ जून
अधिक महिन्यात एकोणीस मंडप गेले. गोदाम स्वच्छ रिकामं. मी एकोणीस लग्नांत होतो. सेट चालवायला माणूस लागतो, हा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. मोठ्या योजनांत बारीक मुद्दे सुटतात.

भगवंतराव खूष आहेत. म्हणाले, असा माणूस मला सहा वर्षांत मिळाला नाही.

गुरुवार, ३ ऑगस्ट
आई आली. अगोदर न कळवता, भातकुलीच्या मोटारीने. मोतीराममास्तरांनी तिला सांगितलं की मी विडा घेऊन राहिलो आहे. मास्तर चांगले गृहस्थ आहेत, पण तोंडात तीळ भिजत नाही.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. आत आली नाही, पाणी घेतलं नाही. आधी तब्येतीचं विचारलं. मग म्हणाली, "आमी गावकी सोडली. मेलेलं ढोर ओढनं सोडलं, उपाशी रायलो. अन् तू मॅट्रिक होऊन सालानं रायला?"

मी तिला समजावून सांगितलं. हे इलेक्ट्रॉनिक आहे, सालदार वेगळा, ऑपरेटर वेगळा. ती म्हणाली, तसं असेल तर आज माझ्याबरोबर घरी चल. मी म्हणालो, शब्द दिला आहे. शब्दाला जागलं पाहिजे. सतरा मार्चला मोकळा होतो, मग मुंबईच. तिने बोटांवर महिने मोजले. साडेसात.

ती गेल्यावर खूप वाईट वाटलं. प्रॅक्टिस करावी म्हटलं, पण पावसाळ्याचं सगळं कापड आत आहे आणि ओलं आहे.

सोमवार, १६ ऑक्टोबर
माझा मावसभाऊ पंजाबराव मुंबईहून नागपूरला चालला होता. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला. वाटेत बडनेऱ्याला दोन तास उतरला. तो मुंबईत एका फिल्म स्टुडिओत वायरमन आहे. त्याला माझ्या कामाबद्दल सगळं सांगितलं. सेट नव्हता, म्हणून प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर तोंडाने करून दाखवलं. त्याने पिशवी खाली ठेवून ऐकलं. हमालही थांबले होते.

मग म्हणाला, त्याच्या स्टुडिओत साउंडचे साहेब आहेत. सध्या भुताचा सिनेमा चालू आहे, त्यांना नवीन आवाज हवेच असतात. मोकळा कधी होतो, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, सतरा मार्च. मग वीस मार्चला ये, मी साहेबांची वेळ घेतो, असं तो म्हणाला.

मुंबई. वीस मार्च. भुताचा सिनेमा ही सुरुवात झाली. सगळ्यांची सुरुवात अशीच होते.

शुक्रवार, २९ डिसेंबर
एका जिनिंगवाल्याकडून दुकानात नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं. सतरा मार्चवर खूण करायला घेतलं. सतरा मार्चला शनिवार आहे. दुसरं काहीही नाही. पाडवा पाच एप्रिलला आहे.

छापखान्याची चूक वाटली. शेजारच्या किराणा दुकानात जाऊन त्यांचं कॅलेंडर पाहिलं. तिथेही पाच एप्रिल. तिसरीकडे गेलो. अमरावतीतल्या सगळ्या छापखान्यांनी मिळून ठरवलेलं दिसतं.

आमच्या घरी पंचांग असतं तर हे मार्चमध्येच कळलं असतं. आणि पंचांग नाही याचा तर मला अभिमान आहे. आता काय करावं.

मंगळवार, २ जानेवारी १९६२
भगवंतरावांना शांतपणे सांगितलं की वर्ष म्हणजे बारा महिने, माझं सतरा मार्चला पुरं होतं. अधिक महिना आम्ही मानत नाही, तेव्हा मोजायचं कारण नाही.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "अधिक महिन्यात लग्नं कोनं आनून देल्ली? तूच ना? आता म्हनतं तो महिना नोताच. साल तेरा महिन्याचं हाय, जानराव. विडा घेताना पुसाचं होतं."

मला उत्तर सुचलं, पण संध्याकाळी.

पंजाबरावला लिहिलं, वीस मार्च जमत नाही. कारण लिहिलं, कामाचा व्याप.

सोमवार, २२ जानेवारी
पंजाबरावचं पत्र. बातमी चांगली आहे. त्याची बहीण शालू, तिचं लग्न पंचवीस मार्चला, रविवारी, अकोल्यात. साहेब त्या सुमारास नागपूरला चालले आहेत, ते वाटेत अकोल्याला उतरून लग्नाला येणार. तेव्हा मुंबईला यायची गरज नाही, तूच तिथे ऐकव. पंजाबरावने मंडप आणि सेट आपल्याकडेच सांगितला आहे.

म्हणजे मुंबई स्वतः चालत येते आहे. मी कुठे जात नाही, हे एका अर्थी योग्यच झालं.

रविवार, १८ फेब्रुवारी
निवडणूक. तीन आठवडे जीपवर भोंगा बांधून फिरतो आहे. जीप चालू असताना शिट्टीचे सूर कसे बदलतात, याचा अभ्यास आज मूर्तिजापूर रस्त्यावर केला. उमेदवार भाषण करत होते तेव्हाच करावा लागला, कारण एरवी माइक त्यांच्या हातात नसतो, पिशवीत असतो. ते म्हणाले, हे विरोधकांचं काम आहे. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या संगीताला मिळालेल्या पहिल्या टाळ्या.

रविवार, ४ मार्च
मोठी युक्ती. सूर आपल्या जागी राहायला जागा तीच हवी. गोदाम अकोल्याला नेता येत नाही. पण मंडप घालणारा कोण? मी. मग मंडपच गोदामाच्या मापाचा घालायचा. खांब तिथे खांब, दार तिथे दार. कापड आवाज पितं, म्हणून बाजूला आणि वर पत्रे. भगवंतरावांना सांगितलं, पंजाबराव मुंबईचे, त्यांना पत्र्याचा मंडप हवा आहे. ते म्हणाले, मार्चअखेर अकोल्यात पत्रा? मी म्हणालो, हौस.

आईला कळवलं, पंचवीसला अकोल्याला ये. शालूचं लग्न आहे म्हणून तू येणारच, पण माझ्यासाठी ये.

रविवार, २५ मार्च. अकोला.
सगळं लिहितो.

मंडप मापात बसला. सुरांच्या जागी जमिनीवर चुन्याची बोटं ओढली आणि वर सतरंज्या अंथरताना प्रत्येक जागा पाठ केली. अकरा वाजेपर्यंत पत्रे इतके तापले की वऱ्हाडी मंडळी मधोमध दाटून बसली, कडेला कोणी जाईना. नवरदेवाचा कोट दोन माणसांनी धरून काढला. म्हातारी माणसं बाहेर निंबाखाली गेली. पंजाबराव घाम पुसत माझ्याकडे पाहत होता.

साहेब पहिल्या रांगेत, पांढरा बुशशर्ट, हातात पुठ्ठ्याचा पंखा. आई बायकांत, शालूच्या मागे. वंदना झाली, पंचशील झालं, हार घातले गेले. टाळ्या थांबल्या. पंजाबरावने मला मानेने खूण केली. आता.

मी सा वर उभा होतो. माइक हातात. अर्धं पाऊल पुढे टाकायचं आणि माइक भोंग्याकडे वळवायचा, एवढंच. वर्षभर मनात हेच केलं आहे. वळवला. सूर आला. बारीक, केसाएवढा, पण सा होता, माझाच सा. आणि माझ्या डाव्या हाताने व्हॉल्यूम खाली आणला.

मी आणला नाही. हाताने आणला. मी पुन्हा वळवला, सूर आला, पुन्हा हात. तिसऱ्यांदा सूर यायच्या आतच माइक दुसरीकडे फिरला होता. वर्षभरात शेकडो कार्यक्रमांत शिट्टी दाबली, आता हात मला विचारत नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. साहेबांचा पंखा थांबला होता. आई पुढे वाकली होती.

मी म्हणालो, "हॅलो, हॅलो. जेवणाची पानं मांडली आहेत. वऱ्हाडी मंडळींनी निंबाखाली बसून घ्यावं."

सगळे एकदम उठले. इतक्या आनंदाने माझं ऐकून कोणी उठलं नव्हतं.

सोमवार, २६ मार्च
काल जेवणानंतर साहेब स्वतः सेटपाशी आले होते. म्हणाले, चारी बाजूंनी पत्रा, एवढी गर्दी, आणि तीन तासांत एक शिट्टी नाही. हे मुंबईतही जमत नाही. मग पंजाबरावशी बोलले. पंजाबराव आज सकाळी स्टेशनवर मला म्हणाला की साहेबांना माइकवर असाच माणूस हवा आहे. पक्की नोकरी. दोन एप्रिलला हजर व्हायचं. राहायला त्याच्याच खोलीत जागा आहे.

मी विचारलं, माझ्या संगीताबद्दल त्यांना सांगितलंस का? तो म्हणाला, ऐकवलंस तर सांगणार ना.

आईला त्याने आधीच सांगून टाकलं होतं. ती गाडी येईपर्यंत माझा हात धरून बसली. पाच वर्षांत तिने तसा हात धरला नव्हता.

बुधवार, २८ मार्च
दोन एप्रिल म्हणजे पाडव्याच्या तीन दिवस आधी. मला वाटलं भगवंतराव अडवणार. सांगायला गेलो तेव्हा त्यांचं म्हणणं काय असेल आणि त्यावर मी काय बोलेन, हे सगळं ठरवून गेलो होतो.

त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला. म्हणाले, "जाय बापा. तीन दिसाचं काय घेऊन बसला. मुंबईची नोकरी का रोज येते? मी अडोनार नाई तुले."

जमुनाकाकू म्हणाल्या, वाटेसाठी धपाटे करून देते.

मी म्हणालो, असं कसं? विडा घेतला आहे. साल म्हणजे साल. भगवंतरावांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, तुझी मर्जी.

खरं तर विचार केला पाहिजे. साहेब मला माइकवाला म्हणून बोलावत आहेत, कलावंत म्हणून नाही. तिथे दिवसभर शिट्टी दाबायची. इथे निदान गोदाम आहे. शिवाय पंजाबरावच्या खोलीत आधीच सहा जण आहेत. शिवाय समुद्राची हवा. शिवाय शब्द.

सोमवार, २ एप्रिल
आज हजर व्हायचं होतं. पंजाबरावला सविस्तर पत्र लिहिलं, त्यात कलेचं स्वातंत्र्य हा मुद्दा दोनदा आला. सकाळी गोदाम रिकामं होतं आणि मीही रिकामा होतो. वर्षात पहिल्यांदा. सेट लावला नाही. खुर्चीवर बसून राहिलो.

गुरुवार, ५ एप्रिल. पाडवा.
भगवंतरावांनी विचारलं, या वर्षी जाणार का राहणार. मी विडा घेतला. त्यांनी एकच अट घातली, गोदामात शिट्ट्या नकोत, शेजारी तक्रार करतात. मी हो म्हणालो. म्हणताना काही वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही म्हणून नंतर भीती वाटली.

दुपारी आईला पत्र लिहायला बसलो. तिला वाटतं मी मुंबईत आहे. पत्र मोतीराममास्तर वाचून दाखवणार, तेव्हा जपून लिहायला हवं. 'मालकांनी सोडलं नाही' असं लिहिलं आणि खोडलं, भगवंतराव समोरच बसले होते. 'मला इथे कोणी धरून ठेवलेलं नाही, काळजी करू नको' असं लिहिलं. ते वाचलं, आणि मला रडू आलं, कारण ते खरं होतं.